उपचार संपल्यावर सांगू

कार्लस्बाद या औषधी झऱ्यांच्या गावी आलेल्या पाहुण्यांची यादी रोज छापून निघते. कोण आलं, कुठून आलं, कुठल्या घरात उतरलं, सगळं. लोक सकाळच्या कॉफीबरोबर ती यादीच चघळतात, कारण चघळण्यासारखं बाकी सगळं डॉक्टरांनी बंद केलेलं असतं. त्या उन्हाळ्यात आमची ओळ अशी होती: 'श्री. गॉटहार्ड आइसेल्ट, साबण कारखानदार व सम्राटांचे मानद सल्लागार, प्राग, सपत्नीक, सोबत एक.'

ती 'सोबत एक' म्हणजे मी. वाल्बुर्गा आइसेल्ट, वय एकसष्ट, गॉटहार्डची सख्खी थोरली बहीण, घरात बुर्गी. लग्न झालं नाही, म्हणून भावाच्या घरी राहिले. त्याचं घर सांभाळलं, त्याची मुलगी लहानाची मोठी केली, आणि इतकं करून छापायच्या वेळी 'एक'.

सम्राटाने गॉटहार्डचा सल्ला कधी घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. राजवाड्याला साबण पुरवला, पदवी मिळाली, आणि तेव्हापासून हा माणूस पाव मागताना सुद्धा फर्मान काढल्यासारखा मागतो. पण इथल्या पाण्यापुढे पदव्या चालत नाहीत. सकाळी सहाला बँड सुरू झाला की सगळे थोर लोक गळ्यात पट्ट्याने पेला अडकवून झऱ्यापुढे रांगेत उभे. ऊन ऊन, खारट, गंजक्या खिळ्याच्या चवीचं ते पाणी काचेच्या नळीने घोट घोट ओढायचं, का, तर दात खराब होऊ नयेत. मग तासभर फेऱ्या. या फेऱ्या मारताना मोठमोठे जनरल बोलता बोलता एकदम गप्प होतात, चेहरा गंभीर करतात आणि वाक्य अर्धवट टाकून झाडीमागच्या छोट्या हिरव्या घरांकडे पळत सुटतात. कुणी हसत नाही. उद्या आपली पाळी असते.

मी यातलं काही पीत नव्हते. मला काही झालेलंच नव्हतं. मी आपली शाल, छत्री, आणखी एक शाल आणि युलालीची पर्स धरून मागून चालायची. युलाली म्हणजे गॉटहार्डची बायको. बिघडलेलं यकृत त्याचं, पण उपचार दोघांचा. नवऱ्याला पाच पेले आणि आपल्याला तीनच सांगितले म्हणून ती पहिल्या दिवशी डॉक्टर वोलाकांवर रुसली होती. त्यांनी लगेच चार केले. डॉक्टर असावा तर असा. यकृत सुधारो न सुधारो, पाहुणा टिकला पाहिजे.

इथला एक नियम मात्र पाण्याहून कडक आहे. उपचार चालू असताना माणसाला धक्का बसता कामा नये. वाईट तर नाहीच, चांगला सुद्धा नाही. धक्का बसला की पित्त खवळतं आणि तोवर प्यायलेलं सगळं पाणी फुकट जातं. म्हणून चार आठवडे इथे कुणी कुणाला खरी बातमी सांगत नाही. पत्र आलं की घरातलं दुसरं माणूस ते आधी फोडतं, आणि वाईट असेल ते अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पेटीच्या तळाशी जातं. 'उपचार संपल्यावर सांगू' हे वाक्य लोक इथे येता जाता म्हणतात. कुणा ब्रेस्लाऊच्या धान्याच्या व्यापाऱ्याची सासू तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी वारली. त्याला शेवटच्या पेल्यानंतर सांगितलं, तर म्हणाला, तरीच या खेपेला पाणी इतकं मानवलं. हा विनोद मी सात उन्हाळे ऐकते आहे. दर वर्षी व्यापारी तेवढा वेगळ्या गावचा असतो.

नवव्या दिवशी दुपारी युलाली माझ्या खोलीत आली आणि तिने आतून कडी लावली.

"वन्सं, मेलिटाचं पत्र आलंय," ती कुजबुजली. मेलिटा ही त्यांची एकुलती एक मुलगी. "लेफ्टनंटसाहेबांनी ठरलेलं लग्न मोडलं."

"का?"

"त्यांना म्हणे दुसरी कुणी आवडली. ग्राझची आहे. पियानो वाजवते."

"सुटली पोर," मी म्हटलं. "त्या माणसाच्या मिशा त्याच्याआधी दारातून आत यायच्या."

"तुम्हाला चेष्टा सुचते. यांना कळलं तर? अजून एकोणीस दिवस आहेत. अगदी रंगात आलाय उपचार."

"पोरगी कशी आहे ते लिहिलंय का काही?"

"रडतेय म्हणे. दुसरं काय करणार? ते आपण नंतर बघू. तुम्ही फक्त चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. तुमचा चेहरा असा आहे ना, लगेच सगळं बोलतो."

माझा चेहरा एकसष्ट वर्षांत काही बोलल्याचं मला आठवत नाही. बोलला असता तर मी त्या घरात इतकी वर्षं टिकलेच नसते. पण युलालीने पत्र टोपीच्या खोक्यात दडवलं, डोळ्यांवर गार पाणी मारलं आणि संध्याकाळी बँडपुढे जाऊन बसली, जणू काही झालंच नाही. शेजारी गॉटहार्ड लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं याची नावं काढत होता. ती प्रत्येक नावाला "हो, हो" म्हणत होती. आणि खरं सांगते, मला मजा आली. माणसं किती मूर्ख असू शकतात ते बघायला इतकी चांगली जागा दुसरीकडे मिळायची नाही.

आता माझं सांगते.

आम्ही भावंडं तीन. मी, मग पेपी, मग गॉटहार्ड. पेपीने बुदवाइसच्या पेन्सिलीच्या कारखान्यातल्या एका मुकादमाशी लग्न केलं. साबणवाल्याच्या बहिणीने मुकादमाशी. झालं, गॉटहार्डने तिचं नाव टाकलं. तीस वर्षं त्या घरात पेपीचा उल्लेख नाही. मुकादम बिचारा कधीच वारला, तरी नाही. मी तेवढी तिला चोरून पत्रं लिहायची. तीही लिहायची, आणि दर पत्रात एक टोमणा असायचाच: 'बिनपगारी मोलकरणीला माझा नमस्कार.' मला राग यायचा. खरं बोललेलं कुणाला आवडतं?

त्या वर्षी एप्रिलमध्ये तिने लिहिलं, 'माझी ट्राउडल नवऱ्याबरोबर वरच्या मजल्यावर गेली. मागची खोली रिकामी आहे. शेगडी चांगली आहे. ये की आता. दोघी म्हाताऱ्या मिळून भांडू.'

ते पत्र वाचून मी पेटीवर बसले आणि ठरवलं, जायचं. कायमचं जायचं. आजवर इतकं पक्कं मी काही ठरवलं नव्हतं. कुणीतरी मला बोलावलं होतं, आणि तेही शाल धरायला नव्हे. मी तिला कळवलं, मेमध्ये येते.

मे आला नि गेला. मी गॉटहार्डला सांगायला रोज सकाळी तोंड उघडायची आणि रोज सकाळी त्याला अंडं किती उकडू ते विचारायची. जूनमध्ये कार्लस्बादचं सामान बांधायची वेळ आली, तेही मी बांधलं. पेपीचं पत्र आलं, 'अगं, कुठे अडलीस?' काय लिहिणार? भावाला भिते असं? तीस वर्षं त्याला मनात गाढव म्हणत आले, आणि त्या गाढवापुढे दोन शब्द बोलायची छाती होत नाही असं?

मी लिहिलं, 'या वर्षी डॉक्टरांनी मलाही उपचार सांगितलाय. पित्ताचा त्रास. गॉटहार्डने स्वतःहून सगळं ठरवलं. रोज चार पेले. मध्ये सोडता येत नाही. सतरा जूनला पहिला पेला, चौदा जुलैला शेवटचा. पंधराला निघून तुझ्याकडे येते.'

एक थेंब प्यायले नव्हते. पण खोटं बोलायचं तर नीट बोलावं. दर तिसऱ्या दिवशी झऱ्याचं चित्र असलेलं एक कार्ड टाकायची. 'आज पाचवर नेलं.' 'आज पोट जरा बिघडलं, पण डॉक्टर म्हणतात ही चांगली खूण.' लिहिता लिहिता मलाच पटायला लागलं होतं की माझी कुणीतरी काळजी घेतंय.

पेपीचं उत्तर आलं, तिच्या त्या वाकड्या अक्षरात: 'आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या पोटाकडे बघतंय. गॉटहार्डला अक्कल आली म्हणायची. नीट पुरा कर हो. तुझी घाईची सवय मला माहीत आहे. खोली कुठे पळत नाही.'

त्यानंतरचं पत्र ट्राउडलच्या अक्षरात होतं. 'आईचं बोट सुरीने कापलंय, म्हणून ती सांगते आणि मी लिहिते. सगळं ठीक. हवा छान आहे. उपचार नीट घे.' मी हसले. पेपीला सुरी धरता येत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. पुढचंही पत्र ट्राउडलच्याच अक्षरात आलं, त्याच्या पुढचंही. सगळं ठीक, हवा छान. मी मनात म्हटलं, बोट कापलं की हात तोडला या बयेने? आणि पत्र घडी घालून ठेवून दिलं. युलालीच्या टोपीच्या खोक्यात काय दडलंय ते मला भिंतीपलीकडून दिसत होतं. माझ्या हातातल्या कागदात काय आहे ते दिसलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

इकडे प्रवासाचे बेत रंगात आले होते. उपचार संपला की थेट घरी जायचं नसतं. उपचाराने थकलेल्या शरीराला पुन्हा दुसरा उपचार लागतो, कुठेतरी डोंगरात नाहीतर समुद्रावर. म्हणजे आधी चार आठवडे पैसे देऊन थकायचं आणि मग सहा आठवडे पैसे देऊन विश्रांती घ्यायची. पाणी झालं की आम्ही बेकरीतून आपापल्या पावांच्या गुलाबी कागदी पिशव्या घेऊन कॉफीच्या बागेत बसायचो आणि तिथे रोज तेच युद्ध.

"एंगाडीन," गॉटहार्ड रेल्वेचं वेळापत्रक उघडून म्हणायचा. "डोंगर. कोरडी हवा."

"आबात्सिया," युलाली म्हणायची. "समुद्र."

"समुद्रावर मला भूक लागते."

"डोंगरावर मला धाप लागते."

"धाप लागणं चांगलं असतं."

"मग भूक लागणं काय वाईट असतं?"

डॉक्टर वोलाक समोरून फिरत आले. त्यांना विचारलं. त्यांनी आधी गॉटहार्डच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग युलालीच्या, आणि म्हणाले, "तीन आठवडे डोंगर, मग तीन आठवडे समुद्र." टोपी उचलून निघून गेले. दोघंही खूश झाले, दोघंही एकमेकांवर जिंकल्यासारखे.

"मग ठरलं," गॉटहार्ड म्हणाला. "पंधराला सकाळी निघायचं. आधी व्हिएन्ना. तिथे मेलिटाच्या लग्नाचे कपडे बघायचे. बुर्गी, ते तू बघ, युलालीला दगदग नको. मग एंगाडीन. सामान तुझ्याबरोबर दुसऱ्या वर्गाच्या डब्यात."

मेलिटाच्या लग्नाचं नाव निघताच युलालीला कॉफीचा ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

"तू ऐकलंस ना, बुर्गी?"

मी येणार नाही, मी बुदवाइसला जाते आहे, हे वाक्य तोंडात तयार होतं.

"ऐकलं," मी म्हटलं. "मोठी पेटी आणायला सांगते."

उपचार चालू आहे, धक्का द्यायला नको, संपल्यावर सांगू. असं मीच स्वतःला समजावलं. ज्या नियमाची मी सात वर्षं टिंगल केली त्याच नियमाच्या आड लपले. त्याचं पित्त खवळेल म्हणे. त्याच्या पित्ताची मला कधीपासून काळजी वाटायला लागली?

चौदा जुलैला शेवटचा पेला झाला. गॉटहार्ड सार्वजनिक काट्यावर बसला, काटेवाल्याने वजनाची छापील चिठ्ठी दिली, सहा किलो उतरले होते. ती चिठ्ठी त्याने वाटेत भेटेल त्याला दाखवली, अनोळखी माणसांना सुद्धा. परत घरी आलो तेव्हा दहा वाजले होते. बैठकीच्या खोलीत युलालीने हातातले मोजे काढले, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "अहो, आता सांगायला हरकत नाही. मेलिटाचं लग्न मोडलं."

"मला ठाऊक आहे," गॉटहार्ड म्हणाला.

"काय?"

"तिसऱ्याच आठवड्यात कळलं. त्याच्या कर्नलने मला लिहिलं. तुझे चार पेले चालू होते, म्हणून बोललो नाही. तुला धक्का बसला असता."

"आणि ती पाहुण्यांची नावं? ती काल संध्याकाळी सुद्धा काढत होतात की."

"तुला शंका येऊ नये म्हणून."

दोघं एकमेकांकडे कौतुकाने बघायला लागले. कुणी कुणाला जास्त चांगलं फसवलं याची चढाओढ चालली होती, आणि पोरगी तिकडे प्रागमध्ये एकटी बसून रडत होती. मला शिसारी आली. त्या शिसारीनेच मला बळ आलं असावं.

"मलाही सांगायचंय," मी म्हटलं. "मी उद्या एंगाडीनला येत नाही. मी बुदवाइसला जाते आहे. पेपीकडे. कायमची."

"कोण पेपी?" गॉटहार्ड म्हणाला. हे त्याचं तीस वर्षांचं ठरलेलं उत्तर.

"तुझी बहीण."

त्याने वजनाची चिठ्ठी खिशात घातली. आता ओरडेल असं मला वाटलं. मी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"मग एंगाडीनला सामानाचं कोण बघणार?" तो म्हणाला.

एवढंच. तीन महिने मी या वाक्याला भीत होते. तो रागावला सुद्धा नाही. त्याला फक्त हमाल हवा होता, आणि ते काम कुणी गावातल्या पोरीला चार दिवसांत शिकवलं असतं.

तेवढ्यात दार वाजलं. घरमालकीणबाई डाक घेऊन आल्या होत्या. गॉटहार्डला दोन पत्रं, मला एक. माझ्या पत्राची कड काळी होती.

मी ते उभ्यानेच फोडलं. ट्राउडलचं अक्षर.

'प्रिय मावशी, हे पत्र मिळेल तेव्हा तुझा शेवटचा पेला झालेला असेल, दिवस मोजूनच टाकते आहे. आई पाच तारखेला गेली. चोवीस जूनला छातीत सर्दी धरली, मग ताप चढला तो उतरलाच नाही. तुला तार करते असं मी दोनदा म्हटलं. तिने माझा हात धरून बजावलं, बुर्गीचा उपचार मोडलात तर याद राखा. इथल्या डॉक्टरांनाही मी विचारलं, ते म्हणाले, मध्येच मोडलेला उपचार न घेतलेल्यापेक्षा वाईट. म्हणून मी तिच्या नावाने लिहीत राहिले. बोट कापलं नव्हतं. माझ्यावर रागावू नकोस. पंधराला मी स्टेशनवर येते.'

मी पत्र खाली ठेवलं. गॉटहार्डने ते उचललं. त्याला कुणी वाच म्हटलं नव्हतं, पण समोर दिसेल ते पत्र तो वाचायचाच. वाचता वाचता तो हळूहळू खुर्चीत बसला.

"पाच तारखेला," तो म्हणाला.

"हो."

"माझ्याबद्दल यात काही नाही."

"नाही."

त्याने कागद उलटून मागची बाजू बघितली. ती कोरी होती. ती त्याने बराच वेळ बघितली.

"तुझा शेवटचा पेला म्हणजे?" तो म्हणाला. "कुठला पेला? तुला काय झालंय?"

"मला काही झालेलं नाही."

"मग हिने असं का लिहिलंय?"

"मी त्यांना कळवलं होतं की मी उपचार घेते आहे."

"पण का?"

"तुला सांगायची छाती नव्हती म्हणून. जाते आहे हे सांगायची. काहीतरी कारण द्यायचं होतं तिला, म्हणून दिलं."

युलाली रडत होती. तिला रडायला कधी वेळ लागत नाही. नाक पुसत ती म्हणाली, "वन्सं, एवढं लिहिलंच होतंत तर खरंच प्यायचं ना थोडं. झरा काय कुणाच्या बापाचा आहे?"

मी गॉटहार्डच्या हातातून पत्र घेतलं आणि घडी घातली.

"मी यायला हवं," गॉटहार्ड म्हणाला. मग म्हणाला, "पण डॉक्टर म्हणाले आहेत, उपचारानंतरचे पहिले पंधरा दिवस मनाला…" आणि मध्येच थांबला. जरा वेळाने म्हणाला, "मी पुष्पचक्र पाठवतो. मोठं."

मी त्याच्याकडे बघितलं. भित्रा, मी मनात म्हटलं, बहिणीच्या थडग्यापर्यंत जायची सुद्धा छाती नाही. आणि म्हणता म्हणताच कळलं की हे मी कुणाला म्हणते आहे. तो निदान पेपीचं नाव टाकून बसला होता, तिला त्याच्याकडून कसली आशा नव्हती. वाट बघायला मी लावलं होतं. एप्रिलपासून ती खोली झाडून बसली होती आणि मी इथे दुसऱ्याची शाल धरून तिला पित्ताच्या गोष्टी लिहीत होते. मे महिन्यात गेले असते तर दोन महिने भांडलो असतो. निदान तिच्या उशाशी तरी असते.

"दुपारी मारिएनबादला जाणारी गाडी आहे," मी म्हटलं. "तिथून व्हिएन्नाची धरली की बुदवाइसला उतरता येतं. मी आजच निघते."

"एकटी?" गॉटहार्ड म्हणाला.

"एकटी."

कुणी अडवलं नाही. युलालीने वाटेत खायला म्हणून इथल्या गोड पापड्यांचा डबा हातात दिला, तो मी टेबलावरच ठेवून आले.

गाडीत माझ्या समोर एक बाई बसली होती, तीही कार्लस्बादहूनच निघालेली, आणि तिचं यकृत आता कसं हातभर सुधारलं ते पिल्सेनपर्यंत सांगत होती. मी ऐकत होते. ऐकता ऐकता ठरवलं की ट्राउडलला खरं सांगायचं. उतरल्या उतरल्या सांगायचं, घरी पोचायच्या आत. नाहीतर मी कधीच सांगणार नाही, इतकं मी मला एव्हाना ओळखायला लागले होते.

निघताना मी तार केली होती, त्यामुळे ट्राउडल रात्री स्टेशनवर आली होती. काळी शाल, पेपीचंच कपाळ, पेपीसारखेच खांदे. तिने मला पोटाशी धरलं. मग दूर धरून दिव्याच्या उजेडात नीट बघितलं.

"बारीक झालीस मावशी," ती म्हणाली. "पण चेहरा साफ दिसतो आहे."

"ट्राउडल, मला तुला एक सांगायचंय."

"घरी चल, मग सांग. थकली असशील. आईला सारखी तुझीच काळजी. रोज सकाळी विचारायची, बुर्गीचा आज कितवा दिवस? मी सांगायची, आज बारावा, आज तेरावा. मग बोलणं बंद झालं, तर बोटांनी विचारायची. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, आई, एकोणीस झाले. तर तिने नऊ बोटं वर केली. नऊ राहिले म्हणून. मला म्हणाली होती, माझ्यासाठी तिला काही करायला लावू नका, तिचं आयुष्य दुसऱ्यांचं करण्यात गेलं. एवढं एक तिचं स्वतःचं आहे, ते पुरं होऊ द्या."

ती माझा हात धरून उभी होती.

"मग, पुरा केलास ना?" ट्राउडल म्हणाली. "गुण आला ना मावशी?"

लोक आमच्या दोन्ही बाजूंनी सामान घेऊन जात होते. सांगायचं ते वाक्य तोंडात तयार होतं.

"आला," मी म्हटलं. "चांगला गुण आला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. "निदान आईचं वाट बघणं वाया नाही गेलं."